आठी पडेपर्यंत वाजवी

सांगलीच्या हळद बाजारातले अडते लालासाहेब यांच्या कपाळाला तीन आठ्या होत्या आणि तिन्ही धंद्याच्या आड येत होत्या. आमच्याकडं हळदीचा सौदा तोंडानं होत नाही. व्यापारी आणि अडत्या रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून दर सांगतात, बाकीचे आभाळाकडं बघतात. पण बोली कमी लागली की लालासाहेबांच्या कपाळाला लगेच आठ्या. पुढचा व्यापारी त्यावरून मागची बोली ओळखायचा आणि तोही हात आखडता घ्यायचा. शिराळ्याच्या धोंडिरामनं तर तोंडावरच सांगितलं, "मालक, माल माझा आन् जाहिरात तुमच्या कपाळाची. हे असंच चाललं तर येत्या हंगामाला मी दुसरा अडत्या बगतो." धोंडिराम गेला की त्याच्यामागं अख्खी शिराळ्याकडची हळद जाणार, आणि पेढीला कुलूप. मी त्या पेढीचा दिवाणजी. म्हणजे माझ्याही पोटाचा प्रश्न होता.

ते साल अठ्ठ्याण्णव. मुंबईहून शिकून आलेल्या डॉक्टर मयूरी यांनी सुरकुत्या घालवणाऱ्या इंजेक्शनांचा दवाखाना नुकताच उघडला होता. हंगामाला अवकाश होता, तेव्हा आधी चाचणी घ्यावी, असा पेढीच्या पातळीवर निर्णय झाला आणि आम्ही समक्ष हजर झालो.

"दर थेंबावर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कपाळ बघून थेंब ठरतात. गुण चार महिने टिकतो."

"औषदात पानी किती?" लालासाहेबांनी विचारलं.

"मिसळावंच लागतं."

"आवं, ओली हळद आमी वजनावर घेत न्हाई. आठीवर दर बोला. आन् डावीकडची लय बारीक हाय, ती कडत्यात धरा." पोत्यामागं तूट म्हणून कापतात तो कडता. बाईंना तो मी समजावून सांगितला.

दर काही जुळेना. शेवटी लालासाहेबांनी रुमाल काढला. बाजाराच्या रिवाजानं होऊ दे म्हणाले. बाईंनी बोटं दाबत दर चढवत न्यायचा, लालासाहेबांच्या कपाळाला आठी पडली की थांबायचं, आठीच्या अलीकडचा दर तो वाजवी.

बाई जरा विचारात पडल्या, मग हसल्या. "चालेल. पण आधी इंजेक्शन. गुण यायला आठवडा लागतो. गुण आला की मग दर ठरवू."

बाहेर आल्यावर लालासाहेब खुशीत मला म्हणाले, "बगितलं का दिवाणजी? माल आदी, पैसे मागनं. शिकल्याली हाय, पर धंद्यात कच्ची." मी मान डोलावली. मला पगार त्याचाच होता.

आठवड्यानं कपाळ असं गुळगुळीत झालं, की टोपी ठरेना. रुमाल पसरला. बाईंनी बोटं दाबली. कपाळ ढिम्म. त्यांनी दर चढवला. लालासाहेबांचे कान लाल झाले, मिशी थरथरली, कपाळ मात्र देवळातल्या फरशीसारखं थंड. एका हाताची बोटं पुरेनात तेव्हा बाईंनी दुसरा हात रुमालाखाली घातला.

"मला न्हाई पटत," लालासाहेब म्हणाले.

"रुमालाखाली बोलायचं नसतं ना?" बाई म्हणाल्या.

प्रकरण बाजारातले जाणते नारायणराव यांच्याकडं निवाड्याला गेलं. त्यांनी उभय पक्षांचं म्हणणं ऐकलं आणि निर्णय दिला, की दर अवाजवी वाटत असल्यास तक्रारदारानं पंचांसमक्ष आठी घालून दाखवावी. आठीवाचून तक्रार दाखल होणार नाही. लालासाहेबांनी जोर लावला. नारायणरावांनी आधी लांबून बघितलं, मग चष्मा लावून जवळून बघितलं.

"काय बी दिसत न्हाई गड्या. उलट खुशीत दिसतोयस."

तक्रार निकालात निघाली. लालासाहेबांनी पैसे भरले. मला वाईट वाटलं, पण त्यांच्याकडं बघून त्यांना वाईट वाटल्याचं कळत नव्हतं.

"चार म्हयन्यांनी आट्या परत येत्याल," ते दात खाऊन म्हणाले, "तवा येतो."

आल्या. तिन्ही आल्या. पण त्याच आठवड्यात हंगाम उघडला, धोंडिरामची गाडी दारात उभी राहिली, आणि आम्ही निमूटपणे दुसऱ्या इंजेक्शनाला गेलो. दर मागचाच. तो आता वाजवी म्हणून सिद्ध झालेला होता.

निघताना बाईंची नजर माझ्या कपाळावर गेली. त्यांनी मला उजेडात नेलं, बोटानं चाचपून बघितलं.

"दिवाणजी, तुम्ही कुठं घेतलंत? काम फार सुरेख झालंय."

"मी कुठं घेतलंच नाही."

"पगार किती?"

मी सांगितला. थोरल्या पोरीच्या बारशापासून तोच आहे आणि गेल्या वर्षी तिचं लग्न झालं, हेही सांगितलं.

"वाजवी वाटतो?"

लालासाहेब शेजारीच उभे होते. "वाटतो की," मी म्हणालो.

बाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणूनच माझा धंदा इथं वाढत नाही. निम्म्या गावाचं कपाळ फुकटातच असं आहे."

मला हसू आलं. तुम्हालाही आलं असेल. आता हसून झालं असेल तर मागच्या महिन्याचं विजेचं बिल आठवा, पोराच्या शाळेला दिलेली देणगी आठवा, आणि उठून आरशात बघा. आठी दिसली तर नारायणरावांकडं या, ते रोज बसतात. अजून तरी दुसरी तक्रार आलेली नाही.