जांभळाची बिअर आणि चंद्रोदय

एखादी गोष्ट लोकांना आवडते की नाही, हे लोकांना विचारून कधीच कळत नाही, कारण माणूस हा मूलतः पाहुणा आहे. पोह्यांत मीठ विसरलेलं असलं तरी पाहुणा "छान झालेत" म्हणतो आणि पाणी मागतो. म्हणून शहाण्या संशोधकाने पाहुण्याचं तोंड न पाहता बशी पाहावी.

हे तत्त्व मला अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सापडलं. या गाळ्यात पूर्वी छत्र्यांच्या मुठी बनत. आता काचेच्या एका बाजूला बिअर बनते आणि दुसऱ्या बाजूला ती प्यायली जाते. (दोन्ही धंदे हंगामी आहेत, असं मालक चंद्रप्रकाश सर म्हणतात.) मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून तिथे गुणवत्ता तपासनीस म्हणून लागलो. मी स्वतः पीत नाही. त्यामुळे माझे निष्कर्ष निर्मळ राहतात. लिटमसचा कागद आम्ल चाखतो, पण मिटक्या मारत नाही.

गाळ्यात चार टाक्या आहेत. तीन टाक्यांत गव्हाची आणि सातूची साधी बिअर. चौथी टाकी श्रुतिकाची. ती बोरीवलीची. अन्नतंत्र शिकली आणि फळांच्या बिअरची लाट आली त्या वर्षी खास तेवढ्यासाठी नेमली गेली. करवंद, पेरू आणि मुख्यतः जांभूळ. जांभळाचा गर ती गावाहून मागवते, साठवते, आणि टाकीशी एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं बोलते.

सर एका परिषदेला गेले आणि लाट ओसरल्याची बातमी घेऊन आले.

"प्रबुद्ध," ते मला म्हणाले, "फळांची बिअर लोकांना अजून आवडते का, मला आकडे पाहिजेत. नसेल आवडत तर चौथी टाकी गव्हाला देऊन टाकू."

"आणि श्रुतिका?"

"गव्हाला माणूस आहे ना आपल्याकडे."

श्रुतिकाने हे काचेपलीकडून ऐकलं होतं. ती हातमोजे काढत आली. "आकडे खरे दे हां. माझ्या नोकरीकडे बघून फिरवू नकोस. लोकांना चव आवडत नसेल तर मीच टाकी धुऊन देते. पण विचार चवीचंच. कळलं ना?"

मी विचारलं. दोनशे बारा ग्राहकांपैकी दोनशे बारा जण "छान आहे" म्हणाले. त्यांपैकी नऊ जणांनी अजून ग्लासाला तोंड लावलेलं नव्हतं, आणि एक जण आमच्याकडे वीजमीटर वाचायला आला होता. मग मी बशीकडे वळलो. परत येणाऱ्या ग्लासांतली उरलेली बिअर मोजू लागलो. साध्या बिअरचे ग्लास कोरडे येत. जांभळाचे ग्लास सरासरी एक तृतीयांश भरलेले येत. पहिला तृतीयांश फोटोसाठी, दुसरा शिष्टाचारासाठी आणि तिसरा आमच्या सिंकसाठी, असं स्थूल वर्गीकरण मी केलं आणि श्रुतिकाला कसं सांगावं या विचारात पडलो.

तेवढ्यात आकड्यांत एक विचित्र उंचवटा दिसला. मंगळवारी आणि गुरुवारी जांभळाचे ग्लास थेंबही न उरता परत येत होते. आणि महिन्यातल्या एका विशिष्ट संध्याकाळी तर चौथ्या टाकीपुढे रांग लागली, ग्लास पुसल्यासारखे आले, आणि मग रात्री नऊ वाजून काही मिनिटांनी ती मागणी एका क्षणात शून्यावर आली. त्याच क्षणी त्याच टेबलांवरून गव्हाच्या बिअरची मागणी झाली.

मी हवेचा दाब तपासला. तापमान तपासलं. त्या मिनिटाला चंद्र उगवला होता, असं लक्षात आल्यावर मी समुद्राच्या भरतीचा बिअरवर होणारा परिणाम या विषयावर दोन दिवस वाचन केलं. शेवटी नाइलाजाने ग्राहकाला विचारलं. श्यामसुंदर राऊळ, बोरीवलीच्या एका हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी, दर आठवड्याचे गिऱ्हाईक.

"काका, चंद्र उगवल्यावर तुम्ही बिअर का बदलली?"

त्यांनी माझ्याकडे शाळेत नापास झालेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "अरे, संकष्टी होती ना. चंद्रोदयानंतर उपवास सुटला. मग गहू चालतो."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी फळ."

आमच्या घरी उपवासाची पद्धत नसल्याने मला या शास्त्राची मुळाक्षरंही येत नव्हती. मी चौकशी वाढवली. तेव्हा कळलं की बार ही संस्था उपवासाचे नियम अजाणतेपणी फार पूर्वीपासून पाळत आली आहे. शेंगदाणे, काकडी, बटाट्याचे वेफर्स. चखन्याच्या बाबतीत आपल्या उपनगरांतला प्रत्येक बार बारमाही उपवासाला बसलेला आहे. एवढी बिअरच काय ती धान्यात अडकली होती, आणि तिची सुटका श्रुतिकाने केली होती.

सरांना मी हे सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दारात फळा लागला: "जांभूळ बिअर. उपवासाला चालते."

शास्त्रात एखादा दावा जाहीर केला की तो तपासला जातो. आमचा दावा तपासायला सुनंदा राऊळ आल्या. या श्यामसुंदरकाकांच्या पत्नी. सोसायटीत उपवासाला काय चालतं याचा शेवटचा शब्द त्यांचा असतो. बरोबर सोसायटीच्या चार बायका आणि मान खाली घातलेले काका होते. आता दारूवरून बोलणी खावी लागणार, म्हणून सर आधीच माफी मागायच्या तयारीत उभे राहिले.

"यात फक्त जांभूळ आहे?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"नाही काकी," श्रुतिका म्हणाली. तिला खोटं येत नाही. "मूळ बिअर सातूची असते. मोड आलेला सातू. जांभूळ नंतर पडतं."

"अगो बाय!" सुनंदाबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे धान्य?" मग नवऱ्याकडे वळल्या. "तीन महिने, मेल्या! तीन महिने संकष्टीला धान्य घेतलंस पोटात?"

"मला काय माहीत गं. वरून जांभळी दिसते ना."

"प्यायचं ते पी, मी कधी अडवलं? पण उपवास मोडायचा नाही."

मी अत्यंत आदराने विचारलं की, दारूचं काय?

सहाही जण माझ्याकडे पाहू लागले. "ती काय धान्य आहे?" सुनंदाबाई म्हणाल्या.

दारू धान्य नाही, हे रसायनशास्त्राला मान्य आहे.

तिथल्या तिथे तपासणी सुरू झाली. हॉप्स म्हणजे फूल, म्हणून मंजूर. पाणी मंजूर. यीस्टवर चर्चा लांबली.

"जिवंत असतं?"

"हो, काकी."

"मग मरतं?"

"शेवटी तळाशी बसतं."

"आपोआप बसतं ना? मग आपल्याकडे पाप नाही." मंजूर. उरला सातू. त्याच्या जागी बिनधान्याचं काहीतरी घालून द्या, श्रावणात आख्खी सोसायटी येईल, असं आश्वासन मिळालं. सरांनी श्रुतिकाकडे पाहिलं. त्या पाहण्यात चौथी टाकी होती.

पहिला प्रयोग साबुदाण्याचा झाला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो आणि बटाटा, हे उपवासाचे दोन्ही आधारस्तंभ दक्षिण अमेरिकेतून आलेले आहेत. ते येण्यापूर्वी आपले पूर्वज उपवासाला काय खात असत, हे कोडंच आहे. (बहुधा काही नाही.) टाकीत गेलेल्या साबुदाण्याने गरम पाणी पाहताच खळीचं रूप घेतलं, नळीत शिरला आणि तिथेच राहिला. नळी कापावी लागली. आतून जे निघालं ते उभं राहत होतं.

दुसरा प्रयोग राजगिरा आणि वरी यांचा. हा जमला. मात्र शास्त्रीय सचोटी म्हणून मी सुनंदाबाईंना कळवलं की, राजगिरा निर्दोष असला तरी वरी हे वनस्पतिशास्त्रानुसार धान्यच आहे. गवताच्या कुळातली, तांदळाची सख्खी चुलत बहीण. लोक तिला वरीचे तांदूळच म्हणतात.

"कोण म्हणतो धान्य?"

"वनस्पतिशास्त्र."

"त्यांच्याकडे नसेल चालत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे चालते."

श्रावण आला. चौथी टाकी पुरेना, म्हणून तिसरी रिकामी केली, मग दुसरी. मुलुंड, घाटकोपर इथून सोसायट्यांच्या सोसायट्या उपवास करायला अंधेरीला येऊ लागल्या. आधी आठवड्यातून एक उपवास करणारे दोन करू लागले. घाटकोपरच्या एका गृहस्थांनी रविवारचा उपवास धरला आणि तो दुपारपासून अत्यंत निष्ठेने केला. उपनगरांतली धार्मिकता माझ्या आलेखावर सरळ वर चढत होती. तक्रार एकच आली. शेंगदाण्यांना सैंधव लावलेलं नव्हतं. सरांनी त्याच दिवशी लेखी दिलगिरी लावली.

सर खूश होते. श्रुतिका खूश नव्हती. "चवीचं कोणी काही बोललं का रे?"

"ग्लास कोरडे येतायत."

"ते मला दिसतंय. चवीचं विचारतेय. तू तरी चाखलीस?"

"मी मोजतो."

तिने हातमोजे चढवले. मग तिने एक प्रयोग केला, आणि माझ्या मते तो आमच्या गाळ्यातला एकमेव शुद्ध प्रयोग होता. एका बॅचमध्ये तिने जांभूळ घातलंच नाही. रंगासाठी बीट घातलं. फसवणूक नको म्हणून फळ्यावर स्वतःच्या हाताने ठळक लिहिलं: "आजच्या बिअरमध्ये जांभूळ नाही. बीट आहे." आणि काउंटरशी उभी राहिली.

ती बॅच नेहमीपेक्षा लवकर संपली. फळा वाचून अकरा जण काउंटरवर आले. अकराही जणांनी एकच प्रश्न विचारला.

"बीट उपवासाला चालतं का?"

सुनंदाबाईंना फोन लावला गेला. बीट रताळ्यासारखं जमिनीखाली येतं, म्हणून चालतं, असा निर्णय आला. टाळ्या पडल्या. श्रुतिकाने हातमोजे काढले, चौथी टाकी आतून स्वच्छ धुतली आणि राजीनामा दिला. हल्ली ती पवईला एका कंपनीत आहे. तिथे फळ नसलेल्या पाण्याला फळाचा वास देतात. (तिथे निदान वास कसा आलाय, हे विचारतात, असं ती म्हणते.)

माझा अहवाल पूर्ण आहे. फळांची बिअर लोकप्रिय आहे का? निःसंशय. फळाची अट तेवढी राहिलेली नाही.

जांभळाची बिअर चवीला कशी होती, हे मी या अहवालात कुठेही लिहिलेलं नाही. वाचकांच्या ते ध्यानात आलं नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ते मघाचपासून बीटाशी अडून बसले आहेत, आणि मनातल्या मनात म्हणताहेत की, आमच्याकडे नाही बाई चालत.