अफसाना आपाचं दुकान होतं, तिथून डावीकडं

कोणतीही वस्तू जोवर आपल्या जागी उभी असते, तोवर ती पत्ता सांगायच्या कामाची नसते. हे तत्त्व लातूरच्या आमच्या घाणा गल्लीनं शोधून काढलं आणि आजवर निष्ठेनं पाळलं. (तेलाचा घाणा माझ्या लग्नाआधीच बंद पडला. म्हणूनच तर नाव टिकलं.)

बाहेरच्या माणसाला आमच्याकडं रस्ता असा सांगतात: गंजगोलाईतून निघा, टॉकीज होती तिथं वळा, लिंब पाडला त्याच्या पुढं या, टांगे उभे राहायचे तिथं कुणालाही विचारा. टॉकीजच्या जागी आज चार मजली दवाखाना आहे. लिंबाच्या जागी ट्रान्सफॉर्मर आहे. टांग्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात. आता एवढा थोरला दवाखाना आम्हाला दिसत नाही असं नाही. पण तो अजून चालू आहे, त्याचा काय भरवसा? महापालिकेनं मध्यंतरी गल्लीला नवं नाव देऊन निळी पाटी ठोकली. सदर पाटी पतंग अडकण्यासाठी अत्यंत उपयुक्त ठरली आहे. मोबाइलमधला नकाशा तर गल्लीच्या तोंडाशी येऊन नुसता गोल गोल फिरतो. बिचाऱ्याला फक्त आहे तेवढंच दिसतं.

या पत्ता खात्याचे मानद प्रमुख श्रीमंतराव. पूर्वी बी-बियाण्याच्या दुकानात मुनीम होते, आता पिठाच्या गिरणीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि वाट चुकलेल्याला मार्गाला लावतात. (मार्ग कोणता, हे चुकलेल्यानं बघायचं.)

या सुंदर व्यवस्थेत एकच खोट होती, ती म्हणजे अफसाना आपा. गिरणीला लागून तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. वीसेक वर्षांपासून आहे, आणि चालू आहे. चालू असणं हाच तिचा दोष. मोठ्या रस्त्यावर काचेची दुकानं झाल्यापासून खेड्यापाड्यांतलं गिऱ्हाईक तिच्यापर्यंत पोचेना. ही लग्नसराई कोरडी गेली तर मशीन उचलून उदगीरला भावाकडं राहायला जायचं, असं ती गल्लीत बोलून दाखवायची. भाऊ चांगला आहे, भावजयही फार चांगली आहे. म्हणूनच तिला जायचं नव्हतं.

एक दिवस मुरुडहून साखराबाई आल्या. पोरीचं लग्न, पिशवीभर ब्लाउजपीस. त्यांनी श्रीमंतरावांना विचारलं, "अफसानाचं दुकान कुठं हाय वो?"

"लई सोपं हाय बाई. हौद बुजवला न्हाई का, त्याला लागूनच."

साखराबाई हौद शोधत निघाल्या आणि मोठ्या रस्त्यावरच्या काचेत शिरल्या.

आपा दारात आली. "भाऊ, मी हितंच बसले की! दिसायले ना तुम्हाला?"

"दिसायलीस की. म्हणून काय तुझ्यावरून पत्ता सांगू? उद्या गेलीस उदगीरला, मग? लोक चुकतील ना!"

यात चूक काढायला कुठं जागा आहे? मी संध्याकाळी तिच्याकडं गेले आणि म्हणाले, "आपा, तू बंद पड."

"या अल्ला! मरू का आता?"

"मरू नको. नुसतं शटर पाड. आठवडाभर."

शटर पडलं. दोन दिवस कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीला दुःख झालं. ज्या बायकांनी दहा वर्षांत तिच्याकडून हूकसुद्धा लावून घेतला नव्हता, त्या गिरणीसमोर उभ्या राहून म्हणू लागल्या, "काय गळा काढायची गं! तसा हात आता न्हाई." पुण्याला राहायला गेलेल्या एकीनं व्हॉट्सअॅपवर भलामोठा मजकूर टाकला, खाली हात जोडलेले. (तिनं आपाकडं शेवटचं शिवायला टाकलं ते दहावीच्या निरोप समारंभाला. त्यानंतर थेट शोकसंदेश.) आणि श्रीमंतरावांना भरल्या आवाजात वाटसरूला सांगताना मी स्वतः ऐकलं: "अफसानाचं दुकान होतं बघा, तिथून डावीकडं."

आपाला दर्जा मिळाला! मी धावत जाऊन तिला शटर उघडायला लावलं.

दुसऱ्याच दिवशी साखराबाई नवे ब्लाउजपीस घेऊन परत हजर. काचेतल्या दुकानानं बाह्या अशा आवळल्या होत्या की नवरीला हात वर करून हार घालता येईना. या खेपेला त्या कुठंही न चुकता थेट आल्या.

"बाई, हितं अफसानाचं दुकान होतं म्हणं?"

"हेच हाय. मीच अफसाना."

"चेष्टा करता का गरिबाची? ते तर बंद पडलंय. अख्खं मुरुड हळहळायलंय!"

आपानं श्रीमंतरावांकडं पाहिलं. "भाऊ, सांगा की यांना."

"होतं की बाई," श्रीमंतराव खुर्चीतून म्हणाले. "हितंच होतं."

साखराबाईंनी पिशवी उचलली. आपानं हात वर केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत शटर अर्ध्यावर ओढलं.

साखराबाई जागच्या जागी थांबल्या. पायरीवर बसल्या. डोळ्याला पदर लावला. मग वाकून पिशवी शटरखालून आत सरकवली आणि म्हणाल्या, "शेवटचे एवढे शिवून दे गं माय."

तेव्हापासून आपाचं शटर अर्धंच असतं. दारावर खडूनं 'बंद' लिहिलंय. पुसट झालं की मी गिरवते. निलंग्यापासून बायका येतात, वाकून पिशव्या सरकवतात, जुन्या दिवसांबद्दल चार शब्द बोलतात. शेवटचे ब्लाउज रोज शिवले जातात. मशीन उदगीरला गेलं नाही. भावजय अजून चांगली आहे.

तुम्हालाही थोडं वाईट वाटलं ना? दुकान चालू होतं तोवर तुम्हीही भराभर पुढं सरकत होता. शटर पडलं तिथं जरा रेंगाळलात. आमची गल्ली अशीच आहे हो, असं म्हणून हसू नका. तुमच्या घरापासून पाचवं दुकान कशाचं आहे, ते खिडकीतून न बघता सांगा बरं.

नाही येत? काही हरकत नाही. बंद पडलं की आपोआप आठवेल.