गतिरोधकापूर्वी आईला उतरवण्याची कार्यपद्धती

दुरुस्ती आणि सुधारणा यांत मूलभूत फरक असा, की दुरुस्ती कधीतरी संपते. दुरुस्ती बिघडलेल्या वस्तूची करतात, त्यामुळे वस्तू चालू लागली की माणसाला नाइलाजाने थांबावं लागतं. सुधारणेला असलं बंधन नाही. ती चांगल्या चालणाऱ्या वस्तूचीच करायची असते, आणि वस्तू चालेनाशी झाली तरी सुधारणा चालू ठेवता येते. या उदात्त मानवी प्रेरणेच्या अभ्यासासाठी मी गेली काही वर्षं एक स्पोर्ट्स कार बाळगून आहे.

गाडी लाल आहे. दारं दोन, सीटही दोनच. कंपनीचं नाव सांगत नाही (कंपनीने बनवलेलं तिच्यात आता फारसं उरलेलंही नाही). मी स्वतः एका विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो, त्यामुळे लोकांच्या गाड्यांचं काय झालं हे मला त्यांच्यापेक्षा शांतपणे लिहिता येतं. माझं नाव संघर्ष. वडिलांनी ते ठेवलं तेव्हा त्यांच्यासमोर समतेची लढाई होती. मुलगा पुढे टायरच्या रुंदीसाठी झगडेल याची त्यांना कल्पना नव्हती. आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. चाळ पुनर्विकासाला गेली आणि आई, माझी बायको मानसी आणि मी असे भोईवाड्यात राहायला आलो. इथे इमारतीच्या आवारात गाडीपुरती एक जागा रिकामी होती. रिकामी जागा न बघवणं हा चाळीत वाढलेल्या माणसाचा स्वभावच, म्हणून मी गाडी घेतली.

घेतली तेव्हा ती चालत होती. हा तिचा एकमेव दोष होता, आणि तो लालबागच्या जगदीशने पहिल्याच भेटीत ओळखला. जगदीशचं गॅरेज आहे. तो गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "सर, गाडी मस्त आहे, पण एकदम सरळमार्गी वाटते." मला ते लागलं. सरळमार्गी हा शब्द आमच्या घरात आजवर फक्त माझ्यासाठी वापरला गेला होता.

तेव्हापासून झालेल्या सुधारणांचा थोडक्यात आढावा घेतो. मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवला (त्याला सायलेन्सर का म्हणायचं हा प्रश्न सोसायटीने लेखी विचारला आहे). वजन कमी करण्यासाठी एसी काढला, स्टेपनी काढली, गालिचे काढले. मग जगदीश म्हणाला की बाजूची सीट बरीच जड असते आणि शर्यतीच्या गाडीत तसंही एकच माणूस बसतो, म्हणून तीही काढली. मी कोणत्या शर्यतीत भाग घेणार आहे हे त्याने विचारलं नाही, मीही त्याला अडचणीत आणलं नाही. मागे पंख बसवला. ताशी दीडशेच्या पुढे हा पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरतो. परळ-दादर भागातला माझा वेग लक्षात घेता सध्या हे काम त्यावर बसणारी कबुतरं करतात.

सर्वांत मोठी सुधारणा म्हणजे उंची. दर रविवारी सकाळी आमच्या 'जमिनीलगत मित्रमंडळा'चे सभासद गाड्या लावून, बॉनेट उघडून उभे राहतात आणि एकमेकांच्या इंजिनांकडे आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे बघत चहा पितात. (मंडळाच्या एका पाहणीनुसार सभासदांच्या गाड्या वर्षातला बहुतांश काळ गॅरेजात असतात. पाहणी मीच केली. उरलेला काळ त्या गॅरेजच्या वाटेवर असतात.) इथे माणसाची पत काडेपेटीवर मोजतात. गाडीखालून काडेपेटी उभी सरकली तर गाडी अजून टॅक्सी आहे. आडवी सरकली तर बरी आहे. सरकलीच नाही तर तो माणूस मंडळाचा अध्यक्ष. जगदीशने आखूड स्प्रिंगा टाकल्या, आणि त्या रविवारी माझ्या गाडीखाली काडेपेटी अडकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला इतका मान फारसा मिळालेला नाही, हे मी अजिबात लाजता सांगतो.

म्हणजे, न लाजता.

आता आईविषयी. माझ्या आईचं नाव शकुंतला. चाळीत सगळे शकू म्हणत. चाळीत शेजारच्या खोलीत कांतामावशी राहायच्या. भिंत सामायिक, नळ सामायिक, भांडणंही बहुतेक सामायिकच. चाळ रिकामी झाल्यावर कांतामावशी शिवाजी पार्कजवळ मुलाकडे राहायला गेल्या, आणि दोघींच्या गप्पा फोनवर आल्या. गाडी घेतली त्याच दिवशी आईने फोनवर कांतामावशींना शब्द दिला: "संघर्षच्या गाडीतून तुला पार्काची एक चक्कर मारून आणते." मी म्हणालो, गाडीत दोनच जण बसतात. आई म्हणाली, "मग तुम्ही दोघं जा ना. मी कट्ट्यावर बसून बघीन." तिला स्वतःला बसायचंच नव्हतं. तिला फक्त कांताला त्या गाडीत बसलेलं बघायचं होतं.

तिथून पुढे आई अधूनमधून विचारायची, "गाडी तयार झाली का रे?" मी म्हणायचो, "होतेय." हे उत्तर कोणत्याही दिवशी खोटं नव्हतं.

मग कांतामावशींचा मुलगा घर सोडून कुटुंबासह नागपूरला जायला निघाला, कायमचा. रविवारी संध्याकाळी पाच वाजता स्टेशनला जायची टॅक्सी ठरली. कांतामावशींचं वय आणि आईचे गुडघे पाहता नागपूर आणि मुंबई यांच्यात पुन्हा भेट व्हायची शक्यता किती, हे मी व्यवसायाने सांगू शकतो, सांगितलं नाही. आई एवढंच म्हणाली, "या रविवारी जमेल का बघ. नाही जमलं तर राहू दे." मी जगदीशकडून बाजूची सीट पुन्हा बसवून घेतली. मूळची मिळाली नाही, म्हणून शर्यतीची बसवली. जगदीशने ती दोन्ही हातांनी हलवून दाखवली. "एक नंबर बसलीय सर. टेन्शनच नाय."

रविवारी दुपारी आई ठेवणीतली निळी साडी नेसून खाली आली. हातात नारळाच्या वड्यांचा डबा. शर्यतीच्या सीटमध्ये बसायचं म्हणजे आधी बूड टेकायचं, मग डोकं आत घ्यायचं, मग एकेक पाय उचलून आणायचा. मानसीने एक पाय आणला, मी दुसरा. मग खांद्यांवरून दोन आणि कमरेभोवती दोन असे पट्टे आवळले. आई म्हणाली, "मला पार्कातच नेतोयस ना रे?"

गाडी सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरचं तान्हं बाळ रडू लागलं. आणि इमारतीच्या फाटकातल्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं.

झालं होतं असं, की काडेपेटीचा तो विक्रम मी एकटा बसलेला असताना झाला होता. गाडीत आई बसेल हा विचार स्प्रिंगांनी केला नव्हता, जगदीशने केला नव्हता, आणि ज्याने करायला हवा होता तो टाळ्या घेत होता. उपाय एकच होता, तो मी तिथल्या तिथे निश्चित केला. गतिरोधक दिसताच चालकाने वाहन थांबवावे. प्रवाशाचे पट्टे सोडून प्रवाशास काढावे. प्रवाशाने गतिरोधक पायी ओलांडावा. वाहनाने तो तिरके होऊन, कण्हत ओलांडावा. त्यानंतर प्रवाशास वरील क्रमाने पुन्हा भरावे.

भोईवाडा ते दादर टीटी या मार्गावर शाळेसमोर गतिरोधक आहे (योग्यच). दवाखान्यासमोर आहे (तोही योग्य). एक एका मंडळाने उत्साहाच्या भरात बांधलेला आहे, आणि एक असा आहे ज्याच्यासमोर काहीच नाही. बहुधा पूर्वी काहीतरी असावं. प्रत्येक ठिकाणी आई उतरली, चालली, बसली. डबा तिने एकदाही माझ्याकडे दिला नाही. नायगावच्या नाक्यावर एक वाहतूक हवालदार धावत आला.

"आजी, काय झालं? उतरवलं काय तुम्हाला गाडीतून?"

"नाही हो, माझाच मुलगा आहे तो," आई धापा टाकत म्हणाली. "गाडी नाजूक आहे."

पोटुशी सून असावी तशा मायेने ती हे बोलली. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. एरवी टेबलाच्या पलीकडून दावेदारांकडे मी असाच बघतो. ते बघणं इतकं वाईट असतं हे मला माहीत नव्हतं.

दादर टीटीला पोहोचेपर्यंत आई बसली कमी आणि चालली जास्त. तिथे उतरल्यावर ती परत बसलीच नाही. गुडघा चोळत म्हणाली, "पाच वाजायला आले रे. समोर बस उभी आहे. मी पुढे होते, तू ये सावकाश. पण गाडी आण हां. कांताला चक्कर मारायचीय." आणि ती बसमध्ये चढली. बस गतिरोधकावरून एक उडी मारून, आतल्या सगळ्यांसकट, रेल्वेच्या पुलाच्या दिशेने निघून गेली. तिच्यात एकही सुधारणा झालेली नसावी.

एकट्याने गाडी झकास चालली. पूल ओलांडून मी पार्काच्या अलीकडच्या गल्लीपर्यंत आलो. तिथे रस्ता खणलेला होता आणि खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकलेला होता. पत्र्याची कड बंपरखाली गेली. पुढे जाईना, मागे येईना. मी रेस केली. आवाज इतका भरदार झाला, की फळवाल्याने टोपली उचलली. थांबलो, पुन्हा रेस केली. शेवटी लोक जमले आणि त्यांनी गाडी मागून उचलली. त्यासाठी त्यांनी पंख धरला होता. पंखाचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

इथे एक बाब नमूद करतो. तिथून पार्काचा कट्टा चालत अगदी जवळ आहे. गाडी सोडून गेलो असतो तर कांतामावशी भेटल्या असत्या. हा पर्याय मला त्या वेळी सुचला नाही.

मी पोहोचलो तेव्हा आई कट्ट्यावर एकटी बसली होती. मैदानावर नेटमध्ये पोरं बॅटिंग करत होती. डबा उघडा होता, रिकामा.

"गेली?" मी विचारलं.

"आत्ताच." आई सरकली, मला बसायला जागा केली. "आम्ही इथेच बसलो होतो. तुझ्या गाडीचा आवाज आला. कांता म्हणाली, आला बघ तुझा संघर्ष. पदर वगैरे नीट करून उठून उभी राहिली. मग आवाज बंद झाला. मग परत आला. टॅक्सीवाल्याला तिने थांबवून ठेवलं होतं, पण तिचा मुलगा ओरडायला लागला, ट्रेन चुकेल म्हणून."

मी रिकाम्या डब्याला झाकण लावलं. 

"जाताना म्हणाली," आई माझ्या पाठीवर हात ठेवत म्हणाली, "आवाज भारी आहे गं गाडीचा."

परतीच्या वेळी मी दार उघडून उभा राहिलो. आई म्हणाली, "नको बाळा, मी बसनेच जाते. गाडीची सीट खराब होईल."

या घटनेतून मी योग्य तो बोध घेतला. गाडीत आता बटन दाबताच उंची वाढवणारी यंत्रणा बसवण्यात येत आहे. ती बसली की कोणताही गतिरोधक आईला गाडीत बसवून ओलांडता येईल. जगदीश म्हणतो, काम जवळजवळ झालंच आहे. एक भाग यायचा आहे. मी घरी तसं जाहीर केलं. आईने मान डोलावली आणि भाजी निवडत राहिली. "गाडी तयार झाली का रे?" हे तिने त्या रविवारनंतर विचारलेलं नाही. घरातली एक कटकट कमी झाली असं मी काही दिवस धरून चाललो होतो.

आपण इथवर हसत आला असाल, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे लाल गाडी नाही. फार तर शोकेसमध्ये खास पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या असतील. कर्जतकडे एक छोटं घर असेल, फरशी बदलून झाली की सगळ्यांनी जायचं असं ठरलेलं. किंवा एवढं ऑफिसचं काम उरकलं की आईवडिलांना न्यायची एक सहल असेल. ते सगळं जवळजवळ झालंच असेल, याविषयी मला शंका नाही. एवढंच तपासून पाहा, की घरातलं जे माणूस त्याबद्दल "कधी रे?" म्हणून विचारायचं, ते अजून विचारतं का.

विचारत नसेल तर आपण पात्र आहात. जमिनीलगत मित्रमंडळाचं सभासदत्व सर्वांना खुलं आहे. रविवारी सकाळी अवश्य या. बसने या.