स्कॉटलंडचे नायक

आमच्या तांड्याचे परसराम नायक बोलायला लागले, की तिसऱ्या वाक्याला स्कॉटलंड येतं. विषय बोंडअळीचा असो, नाहीतर बोअरच्या मोटरचा. फुलसावंगीच्या पलीकडे नायकांना कुत्रं ओळखत नाही, पण तिकडच्या सरदारांच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ!

हे खूळ मोबाइलमुळे शिरलं. तिथल्या कुठल्याशा जुन्या घराण्यात मुलगा नसला तर सरदारकी मुलीकडे जाते, असं त्यांनी पाहिलं. तेव्हापासून माझ्या शिलाई मशीनला टेकून रोज तेच. "काहून रे टेलर, स्कॉटलंडात चालते तं आपल्या तांड्यात काहून नाही चालत?"

आता यांची सरदारकी कसली, तर चाळीस घरांच्या तांड्याची नायकी. बापाकडून मुलाकडे येते. पूर्वी नायकाच्या शब्दावर माल लादलेले शेकडो बैल चालायचे. आता सरपंच वेगळा, पोलीस पाटील वेगळा. उरलं काय? होळी पेटवायचा मान आणि एक शिवलेली लाल पगडी. तेवढ्यावर केवढा तोरा! मी तोंडावर म्हणायचो, "नायक, तुमच्या हुकमानं बकरी तरी उठते काय?" सगळे हसायचे. तेही हसायचे.

नायकांना मुलगा नाही. एकच मुलगी, शेवंता. आई गेल्यापासून घर आणि शेत तीच बघते. यंदा नायकांचे गुडघे थकले, तेव्हा पंचांनी नायकी पुतण्याला, विजयला द्यायचं ठरवलं. देवळासमोरच्या बैठकीत नायकांनी शेवंताचं नाव घेतलं आणि अर्थातच स्कॉटलंड काढलं. एक म्हातारा म्हणाला, "मंग तिकडंच राह्याले जा ना!" विषय संपला.

विजयला पगडी घालायला गेले, तर ती डोक्यात शिरेचना. घागरीवर वाटी ठेवावी तशी टाळूवर बसली. हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. "ढिली करून आणतो," म्हणत नायक पगडी काखेत मारून घरी गेले.

सकाळी मी मदतीला गेलो. म्हटलं, टेलरचं काम आहे. नायक ओट्यावर बसून टाके उसवत होते. लाल कापडावर काळा दोरा, टाके वाकडेतिकडे. शेवंताच्या डोक्याच्या मापानं त्यांनी ती पगडी आत घेतली होती, स्वतःच्या हातानं. माझं मशीन वीस पावलांवर असताना.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तू हासला असता."

हसलोच असतो. फार लाज वाटली मला. मी त्यांच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं.

"राहू द्या, नायक. विजयले मी दुसरी शिवून देतो."