शेवटी हिरो पर्मनंट होतो

रेवा, ईशान, आमच्या सोसायटीतले भानुदासराव चित्रपट सुरू होण्याआधीच त्याचा शेवट सांगून टाकतात. तेही चाललं असतं, पण त्यांनी सांगितलेला शेवट दर वेळी चुकीचा असतो.

पिंपळे सौदागरला राहायला आल्यावर मी क्लबहाऊसमध्ये दर शनिवारी पाच वाजता चित्रपट दाखवू लागले. नुसते दाखवायचे नाहीत, समजावूनही द्यायचे. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला समोर खुर्च्यांची रांग दिसली की गप्प बसवत नाही. म्हणून मी दर वेळी एक तक्ता छापून आणते. तीन रकाने: साल, देशाची परिस्थिती, पडद्यावरचं प्रतिबिंब. सभासद तो अदबीनं घेतात आणि त्यावर भजी ठेवतात.

भानुदासराव पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. मूळचे लातूरकडचे, भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म गेला. मी दिवे मालवायला उठले की ते मागे वळून सगळ्यांना सांगतात, "काळजी करू नका. शेवटी हिरो पर्मनंट होतो."

एकदा जुना कृष्णधवल चित्रपट लावला होता. खेड्यातला मुलगा शहरात येतो, नोकरीसाठी दारोदार फिरतो आणि फूटपाथवर मरतो. स्वातंत्र्यानंतरची स्वप्नं, शहराकडे लागलेली रीघ, बेकारी, असं माझं छान चाललं होतं.

"मरत न्हाई बाई," भानुदासराव म्हणाले. "त्याला मशीन शॉपला घेत्यात. क्वार्टर बी मिळतंय."

"अहो, तो मेलेला मी तीन वेळा पाहिलाय."

"मग तुमची कॉपी खराब आसंल."

राजेरजवाड्यांच्या चित्रपटात प्रामाणिक पहारेकरी बेड्यांत मेला. भानुदासरावांच्या मते तोही दरबारात पर्मनंट झाला होता. मग तरुण मंडळींसाठी एक नवा चित्रपट लावला. त्यातला हिरो काचेच्या ऑफिसातली नोकरी सोडून स्वतःला शोधायला डोंगरात जातो. याचा शेवट भानुदासरावांना ठाऊक नव्हता. ते कासावीस झाले.

"आवो, राजीनामा दिला ह्यानं? सोताच्या हातानं?"

"काका, तो आता सुखी आहे," मागून एक मुलगी म्हणाली.

"ते दिसायलंय की! पण घरी काय सांगणार हाय?"

सगळा हॉल हसला. माझ्या बोलण्यावर असा हॉल कधी हललेला नाही. खरं सांगते, मला ते झोंबलं. सोमवारी मी टॅबलेटवर त्यांनी उलटे सांगितलेल्या तीन जुन्या चित्रपटांचे शेवट भरले, दोन्ही चष्मे घेतले आणि त्यांच्या घरी जाऊन धडकले. वय वर्षं चौऱ्याहत्तर, आणि एका शेजाऱ्याला पुराव्यानिशी खोटं पाडायला निघालेली! तुमच्या आजीकडून एवढं तरी शिकू नका.

त्यांनी स्वतः चहा केला. तिन्ही शेवट पाहिले.

"खरं हाय तुमचं," ते म्हणाले. "मला पहिल्याच शनवारी कळालं व्हतं."

"मग दर वेळी उलटं का सांगता?"

"मी ह्यातला एक बी पिच्चर बघितला न्हवता, बाई. आठवडाभर शिफ्ट, ऐतवारी ओव्हरटाइम. आमची कौसल्या चाळीतल्या बायकांसंगं जायची. मी आलो की च्या करता करता अख्खा पिच्चर सांगायची. गाण्यासकट."

कौसल्याबाई जाऊन सहा वर्षं झाली, एवढंच मला ठाऊक होतं.

"तवा मी टेंपरवारी. सात महिने झाले की ब्रेक देऊन घरी बसवायचे, की पुन्ना गेटवर जाऊन हुबं ऱ्हायचं. आकरा वर्षं." त्यांनी बशी पुसली. "आकरा वर्षांत तिनं मला एक बी हिरो मेलेला सांगितला न्हाई."

मी टॅबलेट पिशवीत टाकला.

"तिनं सांगितलेल्या साड्या खऱ्या निघाल्या, गाणी खरी निघाली. फकस्त शेवट तिचे. आता दर शनवारी तुमचा पिच्चर लागतो आन् तिचा एक पुसला जातो. म्हणून आधी बोलून घेतो. आता कोणता लावायलाव?"

मी नाव सांगितलं. गिरणीतल्या संपाचा चित्रपट. नायक शेवटी तुरुंगात जातो.

"ह्यो तिचा लई आवडता," ते म्हणाले. "ह्याला मी येत न्हाई."

कार्यक्रम नोटीस बोर्डावर लागला होता, आणि लावलेला कार्यक्रम मी कधी बदललेला नाही. घरी येऊन 'संपांचा काळ' या विषयावरची माझी टिपणं चाळली. सगळं व्यवस्थित होतं, अधोरेखित होतं. सात महिन्यांनी पुन्हा गेटवर उभा राहणारा माणूस मात्र त्यात कुठे नव्हता, आणि त्याच्यासाठी घरी बसून शेवट बदलणारी बाई तर नव्हतीच. शुक्रवारी मी त्यांना फोन केला: "या. शेवट मी दाखवणार नाही."

ते आले, पण त्या दिवशी मागे वळून कुणाला काही सांगितलं नाही. पोलिसांची गाडी गिरणीच्या फाटकाशी आली आणि मी चित्रपट थांबवला.

"बाई, बंद पडलं!" मागून ओरडा झाला.

"पडलं नाही, मी बंद केलंय. पुढचं भानुदासराव सांगतील."

मी, जिनं साधं शब्दकोडंही कधी अर्धं सोडलेलं नाही!

ते उठले. आधी चाचरले, मग लय लागली. पोलीस परत गेले, संप मिटला, साहेबानं नायकाला आत बोलावलं. सांगता सांगता त्यांचा आवाज मऊ झाला. दर वाक्याच्या शेवटी ते 'बरं का' म्हणू लागले; एरवी हे त्यांच्या तोंडी कधी ऐकलेलं नाही. सांगणारं माणूस कोण आहे ते मला कळलं.

"त्याला पर्मनंटचं लेटर मिळालं, बरं का. ते घिऊन तो घराकडं पळत सुटला. घरी त्याची बायको एकलीच. त्यानं कडी वाजवली..."

ते थांबले.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग भोंगा झाला. माझी सेकंड शिफ्ट व्हती. ती म्हणली, ऱ्हायलेलं आल्यावर सांगते, बरं का."

"आल्यावर काय सांगितलं, काका?"

भानुदासरावांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं.

"आल्यावर मी झोपलो."

हॉलमधले दिवे लावायचं काम माझं असतं. मला उठवेना.