बेरीज छत्तीस

रत्नाकर धोटे हे स्वतःच्या मते मध्य भारतातले सर्वांत तल्लख गुप्तहेर होते. रेल्वेच्या माल कार्यालयातून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी तसं कार्डही छापून घेतलं होतं. रायपूरच्या शंकर नगरातल्या त्यांच्या घरात मात्र आजवर एकच गुन्हा घडला होता, आणि तो त्यांनीच केला होता.

आठ अंकी कुलपाची डिजिटल तिजोरी आणून त्यांनी मुलीची, स्नेहलची, सगळी मूळ प्रमाणपत्रं तिच्यात ठेवली होती. आज अकरा वाजता नव्या रायपुरात कागदांची तपासणी होती. कागद नाहीत, तर नोकरी नाही. साडेनऊ वाजले होते आणि रत्नाकररावांना संख्या आठवत नव्हती. शत्रूच्या हाती पडू नये म्हणून डायरीत त्यांनी ती लिहिलीच नव्हती, नुसते तिचे गुणधर्म लिहिले होते: आठ अंक, शून्य नाही, कुठलाही अंक दोनदा नाही, अंकांची बेरीज छत्तीस, सत्तेचाळीसने पूर्ण भाग जातो. तीनदा चुकलं की तिजोरी दिवसभर उघडत नसे.

"सत्तेचाळीस म्हणजे स्वातंत्र्य," रत्नाकरराव डोळे मिटून म्हणाले आणि कोणी अडवायच्या आत १५०८१९४७ दाबून मोकळे झाले. तिजोरीने पिंऽऽ करून नकार दिला.

"पापा, इसमें ज़ीरो है," स्नेहल म्हणाली. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर हिंदीत यायचं. "और टोटल पैंतीस है।"

तपासात एकाचा फरक चालतो, असं तिला ऐकवून ते छत्तीसकडे वळले. छत्तीस म्हणजे छत्तीसगड. लगेच राज्याची जन्मतारीख दाबली, ०१११२०००. बेरीज पाच, शून्यं चार. नवं राज्य आहे, वाढेल हळूहळू, असं ते पुटपुटले. पण स्नेहलचे डोळे भरून आलेले दिसले आणि त्यांच्यातला गुप्तहेर गुपचूप बाजूला झाला. उरलेला बाप चांगलाच घाबरला होता.

स्नेहलनेच डोळे पुसून डायरी ओढली. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीस, आपली छत्तीस, म्हणजे नऊ गायब. एक ते आठ सगळे आहेत, प्रत्येकी एकदा. रत्नाकररावांची छाती फुगली. मग त्यांनी हिशेब केला, की हे आठ अंक चाळीस हजार तीनशे वीस प्रकारे मांडता येतात आणि संधी उरली आहे एक. छाती पुन्हा जागेवर आली.

तपासात लुडबुड नको म्हणून सकाळपासून स्वयंपाकघरात बसवलेल्या इंदूबाई स्नेहलचा डबा घेऊन बाहेर आल्या. डबा टेबलावर ठेवून त्यांनी पदराला हात पुसले आणि एक, दोन, तीन, चार करत ओळीने आठपर्यंत बटणं दाबली. दार उघडलं.

"तुले कसं समजलं?" रत्नाकररावांनी विचारलं.

"सत्तावीस वर्षं पाहून राहिली मी तुम्हाले. तुमचं डोकं चाळीस हजार जागी फिरते. बोट मात्र आळशी आहे."

स्नेहल फाईल घेऊन स्कूटीवर निघूनही गेली. रत्नाकररावांनी कागदावर भागाकार करून पाहिला. १२३४५६७८ला सत्तेचाळीसने खरंच पूर्ण भाग गेला. केस आपण सोडवली, असं त्यांनी जाहीर केलं.

संध्याकाळी स्नेहल पेढे घेऊन आली. तोवर रत्नाकररावांनी गुप्ततेच्या कारणास्तव संख्या बदलली होती आणि ते नव्या संख्येचे गुणधर्म डायरीत मोठ्याने म्हणत लिहून घेत होते: आठ अंक, शून्य नाही, बेरीज छत्तीस, संख्या विषम.

इंदूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उलटे टाकले ना?"

"हव," रत्नाकरराव म्हणाले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला.