सासूबाईंच्या खोलीचे पडदे

कापडातलं मला कोणी शिकवू नये! अख्खा संसार मी कापडाच्या दुकानांत काढलाय. म्हणजे, कापड बायको निवडायची आणि मी शेजारच्या स्टुलावर पिशव्या सांभाळत बसायचो. पण कान तर उघडे होते ना? ही कापड मुठीत चुरगाळून बघायची, उजेडाकडे धरायची, आडवं-उभं ताणायची. इतकी वर्षं हे बघितल्यावर दगडालाही पारख आली असती!

ही गेल्या हिवाळ्यात गेली. घरात मी एकटा, आणि तिकडे तिची आई एकटी. एकुलती एक लेक गेलेली. मी जाऊन सासूबाईंना घेऊन आलो. आता एका घरात आम्ही दोघं, आणि बोलणं असं, जणू प्रवासात समोरासमोर जागा मिळालेले अनोळखी लोक.

"चहा घेता, आई?"

"घेईन."

"साखर ठीक आहे?"

"आहे हो."

संपलं! हिचं नाव दोघंही काढत नव्हतो. जखमेवरची खपली दोघांनाही माहीत होती, आणि दोघंही तिला जपून होतो.

एका सकाळी बघतो तर सासूबाईंचे डोळे सुजलेले.

"आई, झोप नाही लागत का?"

त्या क्षणभर घुटमळल्या. "तो समोरचा उजेड येतो ना खिडकीतून..."

समोर औषधांचं दुकान आहे. त्याची हिरवी पाटी रात्रभर लुकलुकते. मला एकदम हुरूप आला. सासूबाई घरात आल्यापासून माझ्या हातून होण्यासारखं हे पहिलंच काम होतं.

"एवढंच ना! अस्सल सुती, जाड, दुहेरी पडदे लावतो. सुईच्या टोकाएवढा उजेड आत आला तर नाव बदलीन!"

"राहू द्या हो. कशाला उगाच?"

मला वाटलं, भिडस्तपणा! मी बाहेर पडलोसुद्धा. जाता जाता ताईला फोन केला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती म्हणाली, "अरे, हल्ली सुतीच्या नावाखाली काहीही गळ्यात मारतात. एक धागा काढ आणि जाळून बघ. कागदासारखी राख झाली तर सुती. वितळून गोळी झाली तर ठेवून ये तिथंच."

दुकानात शिरलो. गळ्यात टेप अडकवलेला नेहमीचा सेल्समन पुढं आला. मी एक वांगी रंगाचा तागा उघडायला लावला. चुरगाळला, ताणला, उजेडाकडे धरला. सगळं कसं जिथल्या तिथं! सेल्समनही जरा दबला. मी ऐटीत एक धागा ओढला आणि खिशातून काडेपेटी काढली.

तेवढ्यात तो म्हणाला, "काका, आज काकू नाही आल्या?"

"नाही," मी म्हणालो. "आज मी एकटाच."

"मग फोटो पाठवा ना त्यांना! मागाहून नापसंत केलं तर तुम्हालाच हेलपाटा."

त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? त्याला काय माहीत! मी मान खाली घालून घाईनं काडी ओढली आणि धाग्याला लावली. धागा तोडून घ्यायचा असतो, हे ताईनं सांगितलं नव्हतं! माझ्या धाग्याचं दुसरं टोक अजून ताग्यातच होतं. ज्योत झाडावर खार चढावी तशी सरसर वर गेली आणि ताग्याची कड पेटली!

"अहो काका!" सेल्समननं पाण्याची अख्खी बाटली ओतली. अर्धी ताग्यावर, अर्धी माझ्यावर. मालक गल्ला सोडून धावत आला.

"काय चाललंय काय?"

"परीक्षा!" मी ओला चष्मा पुसत म्हणालो. "राख झाली बघा! अस्सल सुती!"

"राख दुकानाची झाली असती!"

अख्खा तागा विकत घेऊन, तो खांद्यावर टाकून मी बाहेर पडलो. मागून सेल्समन काळजीनं ओरडला, "काका, काकूंना सांगा, कापड मात्र चांगलं आहे!"

"सांगतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

खिडकीचं माप मी हिच्या शिवणाच्या टेपनं घेतलं. त्या टेपला एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, ही गोष्ट माझ्या स्टुलापर्यंत कधी पोचली नव्हती. टेलरनं आकडे वाचले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"इंचच ना, साहेब?"

"मग काय, मैल? इंचच!"

"नाट्यगृह बांधताय का?"

"तुम्ही शिवा हो! मापात मी चुकत नाही."

त्यानं शिवलं. सगळ्या ताग्याचं शिवलं! पडदे घरी आणायला मला रिक्षा करावी लागली, आणि रिक्षात पडदे बसल्यावर मला बसायला जागा उरली नाही.

दांडी मी स्वतः ठोकली होती. स्टुलावर चढून पडदे अडकवले. ते खिडकीवरून उतरले, जमिनीवर आले आणि तिथंच ढीग करून राहिले. सासूबाई खाली उभ्या राहून त्या ढिगातलं टोक शोधत होत्या.

"जरा जास्तच लांब झालेत का हो?"

"आटतील, आई! सुती आहे. पहिल्या धुण्यात आट..."

वाक्य पुरं व्हायच्या आत भिंतीतून कर्र आवाज आला. दांडी, खिळे, मूठभर प्लास्टर आणि तो सगळा वांगी डोंगर आमच्या अंगावर! मी स्टुलावरून थेट त्या ढिगात. सगळीकडे काळाकुट्ट अंधार.

"आई! लागलं का?"

मी चाचपडत कापड उपसायला लागलो. मग कुठून तरी खुसखुस ऐकू आली. सासूबाई हसत होत्या!

"तिनं बघितलं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर आज तुम्हाला घराबाहेर काढलं असतं!"

"तुम्हालाही काढलं असतं!"

"मला का?"

"पडदा कोणी धरला होता?"

त्या आणखी हसल्या. मीही हसलो. पोट दुखेपर्यंत हसलो. आणि मग त्यांच्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलंच नाही. माझंही झालं. आत एक सोय होती. कोणाचा चेहरा कोणाला दिसत नव्हता. हिच्या जाण्यानंतर मी लोकांसमोर रडलो नव्हतो. त्याही रडल्या नव्हत्या. पडद्याखाली मात्र आम्ही दोघांनी सगळी कसर भरून काढली.

बऱ्याच वेळानं त्या नाक ओढत म्हणाल्या, "एक सांगू? रागावू नका."

"सांगा ना."

"मला त्या उजेडाचा काही त्रास नाही हो. तुम्ही रात्रभर चपला फटफटवत पॅसेजमध्ये फेऱ्या मारता. माझ्या दारापाशी येऊन थांबता, परत फिरता. त्यानं झोप लागत नाही मला. जावयाला तोंडावर कसं सांगायचं? म्हणून उजेडावर ढकललं."

मी फेऱ्या मारतो, हे मलाच ठाऊक नव्हतं!

"दार वाजवायचंत की एखाद्या रात्री," त्या म्हणाल्या. "मी जागीच असायचे. तिच्या लहानपणीचं काहीबाही सांगितलं असतं."

तेव्हापासून जेवणं झाली की आम्ही त्यांच्या खोलीत बोलत बसतो. पाटी लुकलुकत असते. लहानपणी ही भारी खोटारडी होती म्हणे! मला तर ती हे कधी बोलली नाही. मग सासूबाईंना जांभया यायला लागतात आणि मी उठतो.

त्यांना आता गाढ झोप लागते. इतकी गाढ, की त्या घोरतात! भिंती हादरतात. हीसुद्धा अशीच घोरायची, अगदी याच सुरात, आणि मी रोज सकाळी तक्रार करायचो. हल्ली मी माझी कॉट ओढून मधल्या भिंतीला लावून घेतलीय. सासूबाईंना सांगितलंय, की पलीकडच्या भिंतीला ओल आलीय म्हणून. आलेली नाही.